ड्रॅगन मारायचा, पण राजकमल चौकात!

ऑनलाइन गेममध्ये दुसऱ्यासाठी राबणाऱ्या पोरांची गोष्ट लिहायची, तर ती घडवायची कुठे? शेन्झेन, धारावी की आपलं अकोला-अमरावती?

समजा, तुम्हाला एक कादंबरी लिहायचीय. (हसू नका. ऑफिसातल्या दर तिसऱ्या माणसाच्या लॅपटॉपवर ‘नॉव्हेल फायनल’ नावाची एक फाइल असतेच.) हीरो बावीस वर्षांचा. रात्रभर कॉम्प्युटरसमोर बसतो, ऑनलाइन गेममधले तेच ते राक्षस पुन्हा पुन्हा मारतो आणि त्यांच्याकडून पडलेली सोन्याची नाणी गोळा करतो. नाणी त्याची नाहीत. सकाळी मालक ती काढून घेतो. मग अमेरिकेतला कुणी एक साहेब, ज्याच्याकडे राक्षस मारायला वेळ नाही पण खिशात पैसे आहेत, तो खरे डॉलर मोजून ती विकत घेतो. या धंद्याचं नाव गोल्ड फार्मिंग. सोन्याची शेती.

आता सांगा, हा पोरगा राहतो कुठे?

मुंबईत वेब सिरीज लिहिणारी माझी एक मैत्रीण याच प्रश्नावर अडली होती. तिनं फोन केला, ‘‘तू अमरावतीची ना? तुमच्याकडे असं काही असतं का गं? नसलं तरी चालेल, आपण दाखवू.’’ त्या ‘आपण दाखवू’नं माझं डोकंच फिरलं. कारण काय दाखवणार ते मला पाठ आहे. एक चहाची टपरी, एक सायकल, एक गाय, आणि सगळे जण तोंडात पान असल्यासारखं हिंदीमिश्रित काहीतरी बोलणार. माझं घर राजापेठेत, आजोळ अकोल्याच्या जठारपेठेत. दोन्हीकडे चहाच्या टपऱ्या भरपूर आहेत हे कबूल. पण तेवढ्यावर गोष्ट उभी राहत नाही, बॉस.

म्हणून तिला हो-नाही सांगण्याआधी मी जरा खोदकाम केलं. आणि सापडलं ते भलतंच इंटरेस्टिंग निघालं.

तिहुआनाचा झाला चीन

या विषयावरच्या गाजलेल्या गोष्टी मुख्यतः एका माणसाच्या नावावर आहेत, कॅनडाचा लेखक कोरी डॉक्टरो. २००४ मध्ये त्याची ‘अँडाज गेम’ ही कथा आली. तिच्यात गेममध्ये कपडे शिवत बसणाऱ्या गरीब मुली आहेत, आणि त्या राहतात मेक्सिकोतल्या तिहुआनाला. तिहुआनाच का? तर ‘ब्लॅक स्नो’ नावाच्या एका कंपनीनं तिथं माणसं पगारावर बसवून गेम खेळवल्याची चर्चा त्याआधी झाली होती. पुढं २०१४ मध्ये याच कथेवरून ‘इन रियल लाइफ’ हे चित्रांचं पुस्तक निघालं. चित्रं जेन वँगची. त्यात तिहुआना गायब! गोल्ड फार्मर झाला एक चिनी मुलगा. गोष्टीचा गाभा तोच, पण दहा वर्षांत जगाला कळलं होतं की हे काम खरं कुठं चालतं, आणि पत्ता बदलला.

मधल्या काळात, २०१० मध्ये, डॉक्टरोची ‘फॉर द विन’ ही जाडजूड कादंबरी आली. ही आपल्याला जास्त जवळची, कारण तिचा एक मोठा तुकडा धारावीत घडतो. माला नावाची शाळकरी मुलगी गेममधली एक फौज चालवते, पोरं तिला ‘जनरल रोबोटवाला’ म्हणतात. पुढं चीन, सिंगापूर, भारत इथले गेम-मजूर मिळून युनियन काढतात. कल्पना सॉलिड आहे, आणि मजुरीचं राजकारण त्याला बरोबर कळलंय. पण कॅफेच्या मालकीणबाई आहेत मिसेस डिब्येंदू. आता दिब्येंदू हे बंगाली पुरुषाचं पहिलं नाव. ते आडनाव म्हणून वाचलं की आपल्यासारख्याला वाटतं, हा माणूस धारावी बघून आला असेल, पण तिथल्या कुणाच्या घरी चहा प्यायला थांबला नसेल. अमेरिकन वाचकाला हे खटकत नाही. आपल्याला खटकतं. गोष्ट ‘खरी वाटणं’ हे कुणाला वाटणं यावर अवलंबून असतं, ते असं.

हिशेब मांडू या

खऱ्या माणसांकडे वळू. ज्युलियन डिबेल या पत्रकारानं २००७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मासिक पुरवणीत नान्जिंग शहरातल्या एका गोल्ड फार्मरवर लिहिलं. तिशीचा माणूस, बारा-बारा तासांची रात्रपाळी, आठवड्याचे सातही दिवस. १०० नाणी जमवली की त्याला १० युआन मिळायचे, म्हणजे सव्वा डॉलर. मालकाला त्याच नाण्यांचे ३ डॉलर किंवा थोडे जास्त. आणि शेवटचं गिऱ्हाईक मोजायचं २० डॉलरपर्यंत. तेव्हाच्या साधारण ४१ रुपयांच्या भावानं हे मांडा. खेळणाऱ्याला ५१, मालकाला १२३, गिऱ्हाइकाकडून ८२०. ताशी मजुरी साधारण ३० सेंट, म्हणजे बारा रुपये.

हे आकडे वाचले आणि मी माझ्या आतेभावाला फोन लावला. दादाचा तेव्हा अमरावतीत सायबर कॅफे होता. आठ मशीन, एक इन्व्हर्टर, एक कूलर. तासाला गिऱ्हाइकाकडून घ्यायचे पंधरा ते वीस रुपये. बारा रुपयांत गेम खेळणारा माणूस बसवायचा म्हटल्यावर तो हसायला लागला. ‘‘अगं, खेळणारा मले तासाचे वीस देते. मी त्याले बारा कायले देऊ?’’

आता त्याचंच गणित पुढं नेऊन बघा. १०० नाण्यांना साधारण चार तास लागतात. मालकाला मजुरी देऊन उरतात पावणेदोन डॉलर. म्हणजे तासाला सतरा-अठरा रुपये. त्यातून वीज, इंटरनेट आणि गेमची वर्गणी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ची वर्गणी महिन्याला १५ डॉलरच्या आसपास होती, तेव्हाचे सहाशे रुपये. दिवसा, ऑर्कुट बघायला पोरांची रांग लागलेली असताना, हा धंदा कुणीही करणार नाही. पण रात्री अकराला शटर खाली आल्यावर? मशीन रिकामीच पडतात. तेव्हा मात्र गणित जमतं. दादालाही ते पटलं. वर तो म्हणाला, उन्हाळ्यात बरंच आहे, रात्री तरी मशीन तापत नाहीत.

मैत्रिणीला मी पहिला पॉइंट हाच दिला. सीन रात्रीचा ठेव. शटर अर्धं खाली, आत आठ स्क्रीनचा उजेड. आणि रात्र आणखी एका कारणासाठी बरोबर बसते. न्यूयॉर्कला संध्याकाळचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच असतात, हिवाळ्यात साडेसहा. ऑफिसातून घरी आलेला तिकडचा साहेब खेळायला बसतो त्या वेळेपर्यंत माल तयार पाहिजे. ज्यांनी कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट केलीय त्यांना हे वेगळं समजावायला नको.

दुसरा पॉइंट लोडशेडिंगचा. २००५ नंतरची काही वर्षं विदर्भात ज्यांनी काढली, त्यांना वीज जाण्याची वेळ घड्याळासारखी पाठ होती. इन्व्हर्टरवर आठ मशीन आणि कूलर दोन्ही ओढत नाही. एक काहीतरी बंद करावं लागतं. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा कूलर बंद करायचा की राक्षस सोडून द्यायचा, हा खरा क्लायमॅक्स आहे! ड्रॅगनशी तलवारबाजी काय, ती जगात कुठंही होते.

इंटरनेट स्लो होतं म्हणून हे शक्यच नव्हतं, असं मात्र समजू नका. अशा गेमला डेटा फार लागत नाही, लागतो तो कमी वेळेत इकडून तिकडे जाणारा सिग्नल. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला आपल्याकडून पाव सेकंद किंवा जास्त लागायचा. माणसाशी लढताना तेवढ्यात तुमचा मुडदा पडतो, पण ठरलेल्या जागी उभ्या असलेल्या ठरलेल्या राक्षसाला मारायला ते पुरतं. अडचण यायची ती गेमचा नवा अपडेट आला की. काहीशे एमबीची फाइल उतरवायला अख्खी रात्र. त्या रात्री कमाई शून्य.

तरीही, खरं सांगायचं तर...

इथपर्यंत मैत्रीण खूश होती. मग मी तिचा फुगा फोडला. मँचेस्टर विद्यापीठाचे रिचर्ड हीक्स यांनी २००८ मध्ये या धंद्याचा अंदाज मांडला. जगभरात सुमारे चार लाख माणसं, महिन्याची सरासरी कमाई १४५ डॉलर, आणि यातली ८० ते ८५ टक्के माणसं एकट्या चीनमध्ये. वर्ल्ड बँकेच्या ‘इन्फोडेव्ह’नं २०११ मध्ये काढलेल्या अहवालानं २००९ ची उलाढाल तीन अब्ज डॉलर धरली. एवढा मोठा बाजार, पण भारत त्यात कुठल्या तरी कोपऱ्यात. चीनमध्ये गल्लोगल्ली मोठमोठे नेट कॅफे होते आणि असले गेम लहानपणापासून खेळलेली पोरं होती. आपल्याकडे कॅफेत चालायचे काउंटर स्ट्राइक आणि व्हाइस सिटी, त्यात विकायला नाणी नसतात. आणि इंग्रजी येणाऱ्या पोराला पुण्याच्या बीपीओत त्याहून कितीतरी जास्त मिळत होतं.

म्हणजे २००६ च्या अमरावतीत गोल्ड फार्मिंगचा कारखाना दाखवला तर ती थाप होईल. एखाद्या कॅफेवाल्यानं घेतलेला वेडा चान्स म्हणून दाखवता येईल, तोही फसणारा. २००७ च्या जानेवारीत ईबेनं गेममधल्या वस्तूंची विक्री बंद केली आणि गेम कंपन्या संशयित अकाउंट घाऊक भावात बंद करत होत्या, तेव्हा तो कसा फसतो यासाठी डोकं लढवायची गरज नाही.

मग त्या काळात आपली पोरं काय करत होती? कॅप्चा भरत होती. वेबसाइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ म्हणून वेडीवाकडी अक्षरं यायची ना, ती ओळखून टाइप करायचं काम. ज्यांना हजारो खोटी अकाउंट उघडायची असत ते हे काम माणसांकडून करून घेत, आणि २००८ मध्ये भारतातल्या या धंद्यावर परदेशी टेक साइटवर लेख यायला लागले होते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याचे भाव तपासले, तर २००७ मध्ये हजार कॅप्चाला दहा डॉलरच्या आसपास असलेला दर तीन वर्षांत एका डॉलरच्याही खाली आला होता. एक हजार वेळा ‘मी माणूस आहे’ म्हणायचं आणि हातात चाळीस-पंचेचाळीस रुपये. तेही मधल्या दलालाचा वाटा जायच्या आधी.

मला विचाराल तर गोल्ड फार्मिंगपेक्षा ही जास्त भारी गोष्ट आहे. पण मैत्रिणीच्या प्रोड्यूसरला ड्रॅगनच पाहिजे. ठीक आहे.

कापूस आणि काटा

अकोला-अमरावतीच का, याचं माझं उत्तर वेगळंच आहे. ते कॉम्प्युटरच्या फार आधी सुरू होतं.

१८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं. तिकडचा कापूस अडकला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि वऱ्हाडातल्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. ज्या शेतकऱ्यानं समुद्र पाहिला नव्हता त्याचं घर एका परक्या देशातल्या लढाईवर चालू लागलं. युद्ध संपलं, भाव बसले. तरी सरकारला या कापसाची एवढी ओढ होती की १८७० मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन करायला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. लांब कुठंतरी कुणीतरी ठरवलेला भाव, मध्ये अडत्या-दलालांची साखळी आणि सगळ्यात शेवटी किलोवर मजुरी घेणारी वेचणारी बाई. आजही संध्याकाळी काटा होतो, वजन बघून पैसे मिळतात. ओला कापूस म्हणून काही कापलं तर तक्रार करायला जागा नाही. १०० नाण्यांना १० युआन हा हिशेब माझ्या मामीला मी दोन मिनिटांत समजावला. तिनं एकच विचारलं, ‘‘काटा कोनाचा? मालकाचाच ना?’’

फिलिपिन्समधला किस्सा तर तिला अजून लवकर कळला. २०२१ मध्ये ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या व्हिएतनामी कंपनीच्या गेमनं तिथं धुमाकूळ घातला. खेळायला आधी महागडे डिजिटल प्राणी विकत घ्यावे लागत. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला कुणीतरी मॅनेजर प्राणी वापरायला द्यायचा आणि कमाईतला हिस्सा कापून घ्यायचा. अशा खेळाडूचं नाव काय, तर ‘स्कॉलर’! आमच्याकडे याला बटई म्हणतात. जमीन त्याची, राबणं तुमचं. पुढं गेममधल्या नाण्याचा भाव कोसळला, २०२२ च्या मार्चमध्ये साठ कोटी डॉलरहून मोठी हॅकिंगची चोरी झाली, आणि स्कॉलर मंडळी रिकाम्या हातानं घरी.

मराठी लेखकांनी या भागातलं काम आणि बेकारी आधीच नीट लिहून ठेवलीय. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) शिंप्याच्या घरातली कौतिक पैशापैशाचा मेळ घालते, म्हणून ती खरी वाटते. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला एकनाथ एम.ए., बी.एड. होऊन शेतात राबतो. त्या एकनाथच्या हातात फोर-जीचा मोबाइल द्या. माझ्या मते कादंबरी तिथूनच सुरू होते.

‘मी खेयत नाई, ताई’

आणि हा मोबाइलवाला एकनाथ मला घरातच भेटला. माझा मामेभाऊ. राहणार अकोला, शिकायला अमरावती, पोलीस भरतीची तयारी. सकाळी ग्राउंड, दिवसभर अभ्यासिका. लॉकडाऊनमध्ये ग्राउंड बंद, अभ्यासिका बंद, म्हणून घरी. मामी म्हणायची, पोरगं वाया गेलं, दिवसभर गेम खेळते. मीही त्याला एकदा झापायला गेले. तो शांतपणे म्हणाला, ‘‘मी खेयत नाई, ताई. काम करून रायलो.’’

तो रँक पुश करत होता. एका बॅटल रॉयल गेममध्ये दुसऱ्याच्या अकाउंटवर खेळून त्याची रँक वर न्यायची. गिऱ्हाईक टेलिग्रामवर भेटायचं, बहुतेक मोठ्या शहरातलं, बहुतेक नोकरदार. (हो, तुमच्यासारखंच कुणीतरी. ऑफिसच्या ग्रुपवर रँकचा स्क्रीनशॉट टाकून भाव खाणारं.) एका अकाउंटचे ठरायचे हजार-पंधराशे, अर्धे आधी, अर्धे नंतर. दोन आठवडे, रोज आठ-नऊ तास. जठारपेठेतल्या गच्चीवर रात्री नेटवर्क चांगलं येतं म्हणून पाण्याच्या टाकीला टेकून बसायचा. फोन तापला की ओल्या फडक्यावर ठेवायचा. जमलेल्या पैशातून त्यानं भरतीचे फॉर्म भरले आणि मामाला न सांगता घरचं लाइट बिलही.

मग एका गिऱ्हाइकानं ठरलेली रँक आल्या दिवशीच पासवर्ड बदलला. उरलेले पैसे गेले. मी म्हटलं, तक्रार कर. तो म्हणाला, ‘‘कोनाले सांगू? कंपनीले सांगतलं तं आधी माह्यंच अकाउंट बंद करते.’’ बरोबर होतं त्याचं. दुसऱ्याचं अकाउंट चालवणं हेच बहुतेक गेमच्या नियमात बसत नाही. मजूर आहे, पण कागदावर मजुरीच नाही.

आणि अशा पोरांच्या पायाखालची जमीन किती भुसभुशीत असते बघा. पब्जी मोबाइलवर २०२० च्या सप्टेंबरमध्ये बंदी आली. त्याची जागा घेणारा बीजीएमआय २०२१ च्या जुलैत आला, २०२२ च्या जुलैत स्टोअरवरून हटला, २०२३ च्या मेमध्ये परतला. फ्री फायर २०२२ च्या फेब्रुवारीत बंद. सरकारची कारणं सुरक्षेची होती, त्या वादात मी पडत नाही. पण दर वेळी एका रात्रीत कुणाचं तरी दुकान बंद झालं, आणि त्या दुकानाला पाटीच नव्हती. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेला ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देतो. मजुरीवर दुसऱ्यासाठी खेळणारा या दोन्हीत कुठंच बसत नाही.

तर मैत्रिणीला माझा सल्ला असा होता. वर्ष २०२१ ते २०२२ ठेव. पोरं अमरावतीची ठेव, कारण विद्यापीठ, इंजिनीअरिंग कॉलेजं, होस्टेल आणि अभ्यासिका तिथं आहेत, आणि ‘अभ्यासिकेत चाललो’ हे जगातलं सगळ्यात सेफ उत्तर आहे. मालक अकोल्याचा कर, कारण ते व्यापाऱ्यांचं गाव आहे, मुंबई-हावडा मेन लाइनवरचं, तिथं प्रत्येक गोष्टीचा भाव निघतो. दोन गावांत साधारण शंभर किलोमीटरचं अंतर, मध्ये बोरगाव मंजू आणि मूर्तिजापूर. २०२२ च्या जूनमध्ये याच पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड झाला. बाइकवर पैसे मागायला निघालेला पोरगा त्या कोऱ्या रस्त्यावरून जाऊ दे.

आणि शूटिंगच्या सोयीसाठी सगळ्यांना पुणेरी बोलायला लावू नकोस. अमरावतीचा पोरगा चिडला की ‘काऊन बे’ म्हणतो. पण ताईशी, मामीशी बोलताना ‘बे’ येत नाही. मित्राशी येतो. हे चुकलं की अख्खा एपिसोड पडतो.

मागच्या आठवड्यात तिनं पहिल्या एपिसोडचा ड्राफ्ट पाठवला. गच्ची आहे, टाकी आहे, ओलं फडकं आहे. मामेभावाला वाचायला दिला. त्याची मागच्या वेळी लेखी परीक्षा तीन मार्कांनी गेली, पुढच्या भरतीची तयारी चालू आहे, गेम मात्र फोनवरून काढून टाकलाय. त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, हीरोला गिऱ्हाइकाकडून आधी अर्धे पैसे मिळालेले दाखवलेत, ते पहिल्याच कामाला कुणी देत नाही, पहिलं काम फुकट करून दाखवावं लागतं. आणि आई बाजारातून कोथिंबीर आणते असं लिहिलंय तिथं पेनानं काट मारून त्यानं वर लिहिलं: सांभार.